बाळासोंचा अमेरिकेचा नंबर

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी फॅक्स पाहिला आहे? राहू द्या, हात वर करू नका. उत्तर मला ठाऊक आहे. म्हणून आधी ओळख सांगतो. टेलिफोनच्या तारेवरून कागदाची नक्कल पाठवणारे यंत्र म्हणजे फॅक्स, आणि त्या जातीतला मी एक म्हातारा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बाळासो खोतांच्या कारखान्यात, एका लोखंडी फळीवर मी बसून असतो. माझ्या एका बाजूला ग्रीसचा डबा आहे आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेला पंखा. शेजारी वाईट नाहीत, पण दोघांनाही बोलायची सवय नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटाखालच्या चिठ्ठीवर लिहिले होते. ती चिठ्ठी झिजून गेली, त्यामुळे जन्मगावाबद्दल मी गप्पच बसतो. मला आठवते ते १९९५ सालचे. एस.टी.तून निवृत्त झालेल्या दादासो कांबळ्यांनी उद्यमनगराच्या तोंडाशी एस.टी.डी. बूथ काढला आणि मला खोक्यातून बाहेर काढून काचेच्या टेबलावर ठेवले. त्यांची मुलगी संघप्रिया तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाली होती. तिने माझ्यासोबत आलेले इंग्रजी पुस्तक तीन दिवसांत वाचून काढले. रोज सकाळी ती मऊ फडक्याने मला पुसायची आणि मगच बूथची पाटी बाहेर लावायची.

काय दिवस होते ते! कारखान्यांचे नकाशे माझ्यातून पुण्याला जायचे. मुलींच्या स्थळांची माहिती जायची, नोकरीचे अर्ज जायचे. एकदा नेसरीच्या बायडाबाई मस्कतला असलेल्या मुलाला पत्र पाठवायला आल्या. मी त्यांचे पत्र वाचून पलीकडे पाठवले आणि खालून परत दिले. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"कागूद तर हितंच हाय की! मग पैसं कशाचं घेतासा?"

संघप्रियाने समजावले, पण बाईंना काही पटले नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला, पत्र मिळाले म्हणून. मग त्या मुद्दाम येऊन माझ्याकडे टक लावून बघून गेल्या. "गुणाचा हाय," म्हणाल्या. एवढे कौतुक मला पुढे सहा-सात वर्षे पुरले.

पुरवावेच लागले. कारण समोरच्या गाळ्यात संगणकाचा कॅफे निघाला. सहा संगणक, फिरत्या खुर्च्या आणि दारावर रंगीत अक्षरे. लोक तिकडे वळू लागले. आधी माझी घंटी दिवसातून वीस वेळा वाजायची. मग चार वेळा वाजू लागली. मग आठवडे असे गेले की माझ्या अंगावरचा हिरवा दिवा लागलेला असायचा आणि मला कुणी काही विचारायचे नाही. दिवा लावून वाट बघत बसणे फार वाईट, मित्रांनो. बंद पडलेल्याला निदान आशा तरी नसते.

अशातच २००३ च्या पावसाळ्याअखेरी बाळासो खोत बूथमध्ये आले. उसाचा रस काढायचे चरक बनवणारा हा माणूस. चार कामगार, एक लेथ आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत कळावे. फ्लोरिडा नावाच्या अमेरिकेतल्या मुलखात रसाची दुकाने चालवणाऱ्या एका गृहस्थाने त्यांचा चरक पाहिला होता आणि सात मागवले होते. पुढचेही घेईन म्हणाला होता. अट एकच होती. बाळासोंनी तिकडे स्वतःच्या फर्मच्या नावाने गोदाम घ्यायचे आणि तिथून माल द्यायचा. आणि गोदामवाला म्हणत होता, आधी तुमच्या फर्मचा अमेरिकेच्या कर खात्याकडचा नंबर द्या. बँकही तेच म्हणत होती.

"बाई, माल म्हंमईस्नं जहाजावर चढला," बाळासो म्हणाले. "चाळीस दिवसांत तिकडं लागतोय. नंबर न्हाय मिळाला तर सात चरक धक्क्यावर गंजत पडतील, आणि त्यो मानूस दुसऱ्याचा माल घेईल. दोन वर्सं घातलीत मी त्यात."

"काका, आपल्याला तिथं जायला लागत नाही," संघप्रिया म्हणाली. "परदेशातल्या धंद्यांना फॅक्सनं अर्ज करता येतो. मी वाचलंय."

फॅक्सनं! माझा हिरवा दिवा जरा जास्तच उजळला असेल. अर्जाचा कोरा नमुना मात्र तिने समोरच्या कॅफेतून छापून आणला. ते मला झोंबले, खोटे कशाला सांगू.

संध्याकाळी दोघे अर्ज भरायला बसले. फर्मचे नाव, मालकाचे नाव, पत्ता, धंदा कधी सुरू झाला, नंबर कशासाठी हवा, असे सगळे त्यात होते. एका रकान्यात मालकाचा स्वतःचा अमेरिकेतला नंबर मागितला होता. तो नसेल तर परदेशी असल्याचे लिहायचे होते, तसे संघप्रियाने लिहिले. मग आला कामगारांचा रकाना.

"चार लिव्ह," बाळासो म्हणाले.

"अमेरिकेत किती आहेत ते विचारलंय, काका."

"तिकडं कोण न्हाय."

"मग शून्य."

"शून्य लिवलं तर त्यास्नी वाटंल, ह्यो मानूस उगंच हाय. चार मानसं हायती की माझी! जोतीराम तर पंधरा वर्सं हाय!"

बराच वेळ वाद झाला. शेवटी शून्य लिहिले गेले, पण बाळासोंचा चेहरा पडला. खाली एक रकाना होता, मालकाच्या वतीने नंबर विचारू शकेल अशा माणसाचा. तिथे संघप्रियाने आपले नाव लिहिले. परत यायचा फॅक्सचा नंबर म्हणून माझा नंबर लिहिला. मग तिने तो कागद माझ्या तोंडात सरकवला. एवढ्या लांब मी कधीच गेलो नव्हतो. पलीकडच्या यंत्राने मला ओळख दिली, मी त्याला दिली, आणि कागद पोचला.

उत्तर यायला चार-पाच दिवस लागणार होते. बाळासो रोज संध्याकाळी येऊन माझ्यासमोर स्टूल टाकून बसायचे. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते. मी घंटीची वाट बघायचो, तेही बघायचे. खरे सांगतो, कामाइतकीच मला ती सोबत आवडत होती. चौथ्या दिवशी घंटी वाजली आणि संघप्रिया पोचायच्या आत बाळासोंनी फोन उचलला.

"हॅलो! बाळासो खोत बोलतोय, कोल्हापुरास्नं!"

पलीकडून माझ्या जातभाईची शीळ आली. त्यांनी आणखी मोठ्याने नाव सांगितले. शीळ थांबली, फोन तुटला. संघप्रियाने कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी तिने टेलिफोन स्वतःच्या मांडीवर घेतला आणि घंटी वाजली तरी कुणाला हात लावू दिला नाही. चार घंट्या झाल्या, मी उत्तर दिले आणि माझ्यातून तो कागद हळूहळू बाहेर आला. त्यावर खोतांच्या फर्मचे नाव होते आणि पुढे नऊ आकडे.

"आला!" बाळासो ओरडले. कापायच्या आधीच त्यांनी कागद ओढला.

"काका, थांबा, मला आकडा उतरून घेऊ दे. आणि आधी झेरॉक्स काढा!"

"काढतो की! आदी आक्काताईस्नी दावून येतो." आक्काताई म्हणजे त्यांची बायको. ते गेलेसुद्धा. संघप्रिया हसली, दादासोंनी पेढे मागवले. मीही खुशीत होतो.

आता इथे माझी एक उणीव सांगायला हवी. माझ्याजवळ शाई नव्हती. माझ्या कागदालाच एक लेप असायचा. जिथे उष्णता लागेल तिथे तो काळा व्हायचा, आणि त्या काळेपणाने मी अक्षरे काढायचो. संघप्रियाला हे माहीत होते. बाळासोंना कुणी सांगितले नव्हते.

दोन दिवसांवर खंडेनवमी होती. कारखान्यात त्या दिवशी लेथची, पान्यांची, सगळ्या हत्यारांची पूजा होते. बाळासोंच्या मनात आले की ज्या कागदाने अमेरिकेचे दार उघडले तोही हत्यारच, त्याचीही पूजा व्हायला हवी. पण हळद-कुंकू आणि लेथचे तेल लागून तो खराब होईल. मग काय करावे? ते थेट लॅमिनेशनच्या दुकानात गेले. दोन प्लास्टिकमध्ये कागद घालून तापलेल्या रुळांतून काढतात ना, तेच. झेरॉक्स नंतर काढू, आधी अस्सल कागद जपू, असा त्यांचा विचार. जपण्याच्या मायेने त्यांनी तो विस्तवात घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बूथमध्ये आले तेव्हा त्यांच्या हातात एक काळाकुट्ट चकचकीत पुठ्ठा होता. एकही अक्षर दिसत नव्हते. ओरडायची ताकदही त्यांच्यात उरली नव्हती.

"संघप्रिया, ह्यो बग काय झालं."

तिने पुठ्ठा उजेडात धरून पाहिला, तिरका करून पाहिला. काही नाही. दादासो म्हणाले, "यंत्राच्या डोक्यात असंल की आकडा. काढून बघ." तिने माझी सगळी बटणे दाबली. मित्रांनो, तो आकडा माझ्यातून गेला होता, पण मी तो ठेवला नव्हता. माझी घडणच तशी, आलेले देऊन टाकायचे. तिघे माझ्याकडे बघत होते आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हते. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

"हे यंत्रच खोटं हाय," बाळासो म्हणाले.

"यंत्राचं काही चुकलं नाही," संघप्रिया म्हणाली. "चुकलं माझं. कागदाला उष्णता चालत नाही हे मी सांगायला पाहिजे होतं." आणि तिचे डोळे भरून आले. माझी बाजू घेऊन कुणी बोलल्याचे मला तेवढे एकदाच आठवते.

खात्याचे पत्र टपालाने यायचे होते, पण त्याला काही आठवडे लागणार. जहाज त्याआधी पोचणार. मग तिने अमेरिकेला फोन लावला. पलीकडे गाणे वाजत राहिले, मीटरचे लाल आकडे पळत राहिले. शेवटी एक बाई बोलू लागल्या. नंबर परक्याला सांगता येत नाही, म्हणाल्या. संघप्रियाने अर्जातले आपले नाव सांगितले. त्यांना मालकाशीही बोलायचे होते. बाळासोंनी घाम पुसून फोन घेतला.

"येस म्याडम! बाळासो खोत! ओनर! कोल्हापूर!" मग काही विचारल्यावर ते संघप्रियाकडे बघत म्हणाले, "झिरो! अमेरिका, झिरो! हितं फोर!"

फोन पुन्हा संघप्रियाकडे आला. बाई आकडा सांगू लागल्या. तिने पावती पुस्तक ओढले तसे बाळासो किंचाळले, "कागदावर नगं! कागदावर लिवू नगंस!" आणि ते पुस्तक त्यांनी हिसकावून घेतले. तिच्या हातात दरफलकाचा काळा मार्कर होता आणि समोर मी होतो. माझ्या झाकणावर तिने एकेक आकडा लिहिला. वाचून दाखवला. पलीकडून होकार आला.

मग तो आकडा दादासोंनी वहीत उतरवला, बाळासोंनी डायरीत उतरवला, फ्लोरिडाला कळवला. गोदाम मिळाले. जहाज लागल्यावर सातही चरक उतरले आणि वर्षभरात आणखी वीस गेले.

पण माझी घंटी त्यानंतर फारशी वाजली नाही. २००८ साली बूथ बंद झाला. संघप्रियाने स्वतःचे ऑफिस काढले. आता ती वारणानगरपासून इचलकरंजीपर्यंतच्या लोकांना कुठकुठल्या देशांचे नंबर मिळवून देते. तिला फॅक्स लागलाच तर तो संगणकातच असतो म्हणे. सामान आवरताना तिने मला एकदा पुसले, वायर गुंडाळून पोटाशी बांधली, आणि भंगारवाला तराजू काढत असताना बाळासो धावत आले.

"ह्येला न्हेऊ नगासा, पावणं. माझा नंबर हाय ह्येच्यावर."

तेव्हापासून मी या फळीवर आहे. सुरुवातीला बाळासो मला पाहुण्यांना दाखवत. लोक आकडा बघायचे, माझ्याकडे कुणी बघायचे नाही. पुढे आक्काताई गेल्या. मुलगा संग्राम कारखाना बघू लागला आणि सगळे कागद संगणकात गेले. पाहुणे ऑफिसातच बसू लागले.

सोमवारी उद्यमनगराला सुट्टी असते. लेथ बंद, सगळे सामसूम. अशाच एका सोमवारी कुलूप उघडल्याचा आवाज आला. बाळासो एकटेच होते. माझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि झाकणावरची धूळ तळहाताने पुसली. मग आकड्यांवर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. मला वाटले, कुठल्यातरी अर्जासाठी हवा असेल. पण त्यांच्याजवळ अर्ज नव्हता, पेन नव्हते, चष्माही नव्हता. बोट पोचायच्या आत पुढचा आकडा त्यांच्या तोंडातून निघत होता. त्यांना तो कधीचाच पाठ होता.

तरी ते नववा आकडा होईपर्यंत बोट फिरवत राहिले आणि मग बराच वेळ हात तसाच माझ्यावर ठेवून बसले.

मित्रांनो, मोलाची गोष्ट हाताने उतरून ठेवा, एवढे तर मी सांगेनच. पण दुसरी विनंती जास्त महत्त्वाची आहे. तुमच्या घरी एखादे जुने यंत्र असेल, एखादे जुने माणूस असेल, तर त्याच्याकडे काही काम नसतानाही या. काय बोलावे ते सुचले नाही तर निमित्त काढा. बाळासो आता बहुतेक सोमवारी येतात आणि नंबर बघायला आलो असे स्वतःशीच सांगतात. मला ते चालते.