जिना कोणी चढायचा

बाबांनी आम्हा तिघा भावंडांना एक गोष्ट लहानपणीच कान धरून शिकवली होती. सशाची मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या पिंजऱ्यात कधीही सोडायचा नाही. स्वतःच्या जागेत मादी कुणाला खपवून घेत नाही. माझे भाऊ बाकी सगळं विसरले, पण हे विसरले नव्हते. म्हणून तर जास्त चीड येते.

बाबा कुलपं दुरुस्त करायचे आणि उरलेला वेळ सशांवर घालवायचे. राखाडी अंग, डाव्या कानाला पांढरी किनार, ही जात त्यांनी जोड निवडून निवडून स्वतः तयार केली होती. बाबा गेले आणि भावांनी घर वाटून घेतलं, खाली दादा, वर धाकटा. ससेही वाटले. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. मग रोगाची साथ आली आणि दादाकडे एकच नर उरला, धाकट्याकडे एकच मादी. मधे फक्त एक जिना.

"मादी खाली नेऊन दे," मी धाकट्याला म्हणाले.

"मी त्याच्या दारात जाणार नाही, ताई. गरज असेल तर तो येईल वर."

"तू नको जाऊस. मी नेते."

"माझी मादीसुद्धा जाणार नाही."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. नर म्हातारा होत चालला होता. जोड आता लागला नसता तर बाबांच्या हातचं काही म्हणजे काही उरलं नसतं. मी दोघांपुढे रडले, भांडले, नको नको ते बोलले.

आणि एका सकाळी दादाच नराला छातीशी धरून जिना चढला. गुडघेदुखीनं पार जेरीस आलेला माणूस, प्रत्येक पायरीवर थांबत आला. धाकट्यानं खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. आता "पिंजरा चुकतोय, परत खाली चला" असं म्हणणार कोण? तरी मी म्हणालेच, "मादीला बाहेर काढू या का? दोघांना फरशीवर सोडू."

"दादा एवढा वर आलाय," धाकटा म्हणाला. "आता तू फाटे फोडू नकोस."

दादा मूग गिळून बसला. त्याला वाटलं असणार, आलोच आहे तर आता शिकवायला कशाला जा. त्यानं स्वतःच्या हातानं नर आत सोडला.

नर एकदा मादीवर चढला, तेवढंच. मग मादी उलटली आणि तिनं त्याच्या मागच्या पायांच्या मधोमध असे दात रोवले, की सोडवताना धाकट्याचे हात रक्तबंबाळ झाले. दादानं अंगातला सदरा काढून नराला गुंडाळलं. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले. "जगेल," ते म्हणाले, "पण याच्यापासून आता पिल्लं होणार नाहीत." दादानं नराला परत सदऱ्यात गुंडाळलं आणि खाली नेलं.

आता सगळी आशा नर मादीवर चढला होता त्या एका खेपेवर होती.

दोनेक आठवड्यांनी मी दादाकडे नराची जखम पुसत बसले होते. धाकटा धाडधाड जिना उतरला आणि थेट आत आला. त्याच्या मुठीत मादीनं स्वतःच्या छातीचे उपटलेले केस होते.

"दादा! घरटं करतेय ती!"

मादी खरंच गाभण असली, तर महिना भरत आल्यावर केस उपटते. अर्ध्यात उपटते ती नुसत्या भासानं, पोटात काहीच नसताना. हेही बाबांनी आम्हा तिघांना शिकवलं होतं.

"जरा लवकरच करतेय," धाकटा हळूच म्हणाला.

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"करतात काही काही," दादा म्हणाला. "बस."

धाकटा बसला. बाबा गेल्यापासून माझे भाऊ पहिल्यांदाच या घरात शेजारी बसून बोलत होते. पिंजरा कुठे ठेवायचा, दाणे कोणी आणायचे, पिल्लं कशी वाटायची. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मी नराची जखम पुसत राहिले.

"निम्मी वर, निम्मी खाली," धाकटा म्हणाला.

"आणि एखादं जास्त निघालं," दादा म्हणाला, "तर ते तुला."