बंदुकीचं निमित्त

मोहननं जन्मात एक डास धड मारला नाही, आणि रिटायर झाल्यावर घरी काय आणलं, तर बंदूक! पेनसिल्व्हेनियातल्या कुठल्याशा जुन्या बाजारातून, स्वस्तातली, गंजलेली, एका वेळी एकच गोळी बसणारी. मी कपाळाला हात लावला. "अगं, उडवायला नाही, नुसती चकचकीत करायला," तो म्हणाला. सगळी नोकरी कॉम्प्युटरसमोर गेलेल्या माणसाला हातानं काहीतरी करायची हौस आली होती. बेसमेंटमध्ये टेबल टाकून त्यानं नळीवरचा गंज आणि जुना रंग घासून काढला, आणि नवा रंग चढवायच्या आधी स्वतःच गेला. २००४ चा मार्च होता तो. खाली टेबलावर ते उघडं लोखंड आणि वर स्वयंपाकघरात मी, अशा आम्ही दोघी मागे उरलो.

नैना, आमची लेक, कॅलिफोर्नियात असते. रविवारी फोन करते. "आई, प्लीज, ती गन घरातून काढ." काढते म्हटलं. पण जुन्या बंदुका घेणारा दुकानदार म्हणाला, अशी अर्धवट कोणी घेणार नाही, रंग चढवून आणा. आता मी मराठीची एम. ए. बाई, लोखंडाला काय रंग चढवणार?

पुढच्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला मी हे रडगाणं गात होते, तेव्हा शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ म्हणाले, "अर्धवट कायला ठेवता वहिनी? मी देतो करून." हे प्रल्हादराव. नागपूरचे, तिथल्या आयुध कारखान्यात नोकरी केलेले. बायको गेल्यावर मुलानं त्यांना इकडे, आमच्या पार्सिपनी गावात आणलं. मुलगा आणि सून सकाळीच गाडी काढून जातात, नातू इंग्रजीशिवाय बोलत नाही, आणि यांना ड्रायव्हिंग येत नाही. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात, पण तोवर कधी आले नव्हते. येणार कसे? आमच्या पिढीतला एकटा पुरुष एकट्या बाईकडे नुसता चहाला येत नाही. काहीतरी काम लागतं.

ते गुरुवारी आले. स्टील वूलच्या बारीक तारांनी नळी घासली, अ‍ॅसिटोननं पुसली, हातमोजे घालून रंग चढवायचं औषध लावलं. डोळ्यांदेखत लोखंड निळसर काळं झालं. मग धुतलं, कोरडं केलं. "आता रात्रभर असंच राहू द्या, सकाळी तेल लावा. फक्त उघड्या बोटानं शिवू नका बरं वहिनी. बोटाचा खारट घाम लागला की तिथे गंज धरतो." नंतर वर येऊन त्यांनी चहा घेतला. मी पोहे केले होते. शोभाताई, म्हणजे त्यांची बायको, पोह्यांवर झणझणीत रश्शाची तर्री कशी घालायच्या ते त्यांनी सांगितलं. मी मोहनच्या घोरण्याबद्दल सांगितलं. खूप दिवसांनी त्या स्वयंपाकघरात दोन माणसांचे आवाज होते. मुलगा घरी यायच्या वेळेला ते उठले.

संध्याकाळी मी खाली गेले. नळी सुंदर दिसत होती, आणि मला भयंकर राग आला. झालं की काम! सकाळी तेल, मग दुकान, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा मी आणि टीव्ही. मी अंगठा पुढे केला आणि नळीवर चांगला दाबून धरला.

सकाळी डाग. मी फोन केला. गुरुवारी त्यांनी चष्मा सरसावून पाहिलं. "दमट हवा आहे इथली," म्हणाले आणि पुन्हा घासायला बसले. त्यानंतर उन्हाळाभर हेच चाललं. कधी अंगठा, कधी दोन बोटं. लाज वाटायची, नाही असं नाही. पण बुधवारी रात्री पोहे निवडताना मी गुणगुणत असायचे, ते कसं नाकारू?

ऑगस्टमध्ये नैना आली. "आई, इतके महिने? हे तर एका दिवसाचं काम आहे! आणि हे अंकल कोण? इट लुक्स वियर्ड." मी तिच्यावर तडकले. पण ती गेल्यावर मनाशी म्हटलं, पोरगी एका अर्थी बरोबर बोलली. एका म्हाताऱ्या माणसाला उन्हातून पायपीट करायला लावते मी, तीही खोटं बोलून. आता पुरे.

त्या गुरुवारी प्रल्हादरावांनी फार निगुतीनं काम केलं. बोलले कमीच. "आज होऊनच गेलं समजा," असं म्हणून नळी उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिले. "चहा टाकते," म्हणून मी वर आले. ते जरा उशिरानं आले, हात धुतले, चहा अर्धवट ठेवून निघाले. दारात म्हणाले, "बरं वहिनी, काळजी घ्या." कायमचा निरोप घेतल्यासारखं वाटलं. मी बेसमेंटच्या दाराला कडी लावली आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत तिकडे फिरकले नाही.

सकाळी तेलाचं फडकं घेऊन खाली गेले. नळीच्या मधोमध तांबूस डाग होता. अंगठ्याचा. मी त्या डागावर माझा अंगठा धरून पाहिला, तर चारी बाजूंनी डाग दिसतच राहिला. एवढा रुंद अंगठा माझा नव्हे.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. आधी हसू आलं, मग रडू. मोहन गेल्यावरसुद्धा मी अशी मोकळी रडले नव्हते. मुलाच्या घरात प्रल्हादरावही दिवसभर माझ्यासारखेच बसून असतात, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

वर येऊन फोन लावला. "मी बोलतेय."

"बोला वहिनी." आवाज जरा दबलेला. "डाग आला का?"

"ते राहू द्या. आज चहाला या."

"आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे मला."

पलीकडे त्यांच्या नातवाचा टीव्ही ऐकू येत होता. मग हळूच म्हणाले, "मुलगा विचारेल, काय काम आहे म्हणून."

"सांगा काम नाही. पद्मिनीकडे चहाला चाललो म्हणून सांगा."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "निघतो."