उधाणापुरती गोळी

हेमाने गादीची कड उचलली आणि खालून प्रेशरच्या गोळ्यांची तीन पाकिटं काढली. तिन्ही अर्धीच संपलेली. सकाळी तिचा बा, दामाजी, कळव्याच्या खाडीबांधावर कोसळला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. गोळी चालू असताना प्रेशर एवढं चढलं कसं, हे डॉक्टरांना उमगेना, म्हणून त्यांनी तिला पाकिटं आणायला पाठवलं होतं.

"त्या भांगाच्या, बारक्या भरतीच्या दिवसांच्या हायेत," दारातून आई म्हणाली. "भांगाला तो गोली घेत नव्हता."

दोन महिन्यांपूर्वी, बी.एस्सी.चा पेपर छान गेल्याच्या तोऱ्यात, तिनेच बाला समजावलं होतं. रक्तवाहिनीच्या पेशींना प्रथिनांची दारं असतात. त्यांतून कॅल्शियम आत शिरलं की वाहिनी आवळते नि प्रेशर वाढतं. गोळी ती दारं लावून धरते, तुमच्या उघाडीसारखी. खाडीचं पाणी मिठागरात घेणारं-अडवणारं ते लाकडी दार बाने चाळीस वर्षं सांभाळलं होतं. त्याला चटकन पटलं. लेकीने शास्त्र शिकवलं म्हणून तो चार घरी सांगत फिरला होता.

"पुनवेला, अवसेला उधाण, पान्याला जोर. तवा गोली घ्याची," आई म्हणाली. "अष्टमीला भांग, पान्याला जोरच नाय. मंग दार कशाला लावाचा, तो बोलं. सदा लावून ठेवला तं आगर मरतं."

"आणि तू ऐकलंस?"

"तूच शिकवलेलं ना त्याला. मना काय कलतं?"

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर हेमाला बरं वाटलं असतं.

इस्पितळात डॉक्टरांनी पाकिटं उलटसुलट पाहिली आणि वैतागून विचारलं, यांना गोळीबद्दल कुणी काही समजावलं नव्हतं का. हेमा नाही म्हणाली. आई शेजारीच उभी होती. तिने पदर सारखा केला. तुम्ही शिकलेल्या आहात, आता तुम्हीच त्यांना नीट सांगा, असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

हेमा वाकली.

"बा, गोळी रोज घ्यायची. एक दिवस चुकवायची नाही."

तिला पुढे काही सांगायची भीती वाटली. दामाजी तिच्याकडे टक लावून बघत राहिला, ती आता कारण सांगेल म्हणून.