‘काहीतरी बदललं’ एवढंच सांगणारा निरोप्या

मी निरोप्या बोलतोय. उगाच दाराकडे बघू नका. मला पाय नाहीत, पिशवी नाही, सायकल तर नाहीच नाही. वेबपानावर लिहायची चौकट असते ना, जिच्यात तुम्ही पत्ते, तक्रारी आणि खोटी वयं भरता, त्या चौकटीत तुम्ही जरा खुडबुड केलीत की ब्राउझर मला पिटाळतो. “जा रे, पानाला सांगून ये.” मी धावत जातो आणि पानाच्या कानात ओरडतो, “काहीतरी बदललं!” झालं माझं काम.

काय बदललं, ते मला विचारू नका. शाळेत तेवढं एकच वाक्य शिकवलं. त्यापुढे मास्तर सरकले नाहीत आणि मीही बसलो नाही. पान बिचारं मग डोळे फाडून शोधत बसतं की वेलांटी गेली की स्वल्पविराम आला. मला भारी गंमत वाटायची. शिवाय मी पोचायचो सगळं घडून गेल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात, ते मीच.

मालक मला एक नव्हता. प्रत्येक ब्राउझर म्हणजे वेगळं घर, आणि प्रत्येक घरात माझं वळण वेगळं. एका घरात मला प्रत्येक अक्षराला हाक, दुसऱ्यात एकाच अक्षराला दोन हाका, तिसऱ्यात मालकाला लहर आली तर. ‘स्त्री’ लिहून खोडायची कळ दाबली, की कुठे नुसती वेलांटी गळायची आणि कुठे अख्खी स्त्री नाहीशी व्हायची! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. इथे प्रत्येक चुलीचं तोंड वेगळ्या दिशेला. आणि जो तो म्हणायचा, आमचीच सरळ.

पानं बांधणारी मंडळी या चुलींपुढे बसून डोळे चोळायची. त्यातल्या एकीसाठी ही सगळी बडबड चालली आहे.

तिचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला. उरला डावा अंगठा. मग लेकीनं त्यांच्यासाठी एक पान बांधलं. त्यात एकच मोठी चौकट. म्हातारबांनी फोनवर तिच्यात लिहायचं, की ते तिच्या ऑफिसातल्या पडद्यावर आणि तिच्या दादाच्या फोनवर दिसायचं. पाठवायचं बटण तिनं ठेवलंच नाही. अंगठा थरथरायचा, बटण सापडायचं नाही. चौकटीत जे असेल तेच समोर. आणि ते नेणारा कोण? अस्मादिक.

म्हातारबा म्हणजे पक्कं कार्टं. पाटी रंगवताना आधी खडूनं उलटंच लिहायचे. फळवाला बघायला आला की पाटीवर ‘ताजी फळे’च्या खाली ‘कालची’. फळवाला उडायचा, हे त्याचा चेहरा पोटभर बघायचे आणि मग फडक्यानं पुसून टाकायचे. ही खोड अंगठ्यातही उतरली. लेक ऑफिसातून चौकटीच्या वर प्रश्न टाकायची, “जेवलात का?” चौकटीत उमटायचं, “नाही. सुनेनं उपाशी ठेवलं.” मी धावायचो. थोडा दम खाऊन ते सगळं पुसायचे. मी पुन्हा धावायचो. मग यायचं, “जेवलो, मास्तरीणबाई.” ऑफिसात ती खुदकन हसली की शेजारची विचारायची, “कोण गं?”

“आमचं कार्टं. वय वर्षं बहात्तर.”

असा आपल्याच जातीचा माणूस भेटला की बरं वाटतं. मला पळवून पळवून दमवायचे, पण मी कधी कुरकुरलो नाही.

म्हातारबा राहायचे दादा-वहिनीकडे. मग दादानं त्यांना नवा फोन दिला. आणि पाठोपाठ म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या शुश्रूषागृहाचा विषय काढला. “आम्ही दोघं दिवसभर बाहेर. पडले-झडले तर बघणार कोण?” चूक म्हणावं असं त्यात काही नव्हतं. लेकीनं चौकटीच्या वर प्रश्न लिहिला, “बाबा, दादा म्हणतो तिथे जागा आहे, माणसं चांगली आहेत. जाल का? खरं सांगा. चेष्टा नको.”

म्हातारबांनी लिहिलं, “हो.”

मी धावलो. काहीतरी बदललं!

इकडे अर्ध्या तोंडानं ते गालात हसत होते. त्यांच्या हिशेबानं तिकडे फळवाला उडाला होता. आता फडकं. त्यांनी ‘हो’वर अंगठा दाबून धरला. नव्या फोनचा कीबोर्ड हुशार. त्यानं वर शब्दांची पट्टी मांडली, आणि पहिला शब्द त्यांच्या नेहमीचाच, ‘नको’. त्यावर त्यांनी अंगठा टेकवला. ‘हो’ गेलं, ‘नको’ आलं.

नसलेल्या पायांत वहाणा सरकवून मी दाराशी तयार होतो. मला कुणी हाकच मारली नाही. नव्या फोनातल्या ब्राउझरच्या घराची रीतच तशी! अक्षर टाइप केलं तर निरोप द्यायचा. पट्टीतून शब्द बदलला तर तो कीबोर्डचा कारभार, आपण कशाला बोला.

त्यांच्या फोनवर ‘नको’. तिच्या पडद्यावर ‘हो’.

“दादा, बाबा हो म्हणतात रे.”

“नीट बघ. पुसतील परत.”

“केव्हाची थांबलेय. हो-च आहे.”

पुढच्या आठवड्यात म्हातारबांना नेलं. गाडीत त्यांनी फोन छातीशी धरला होता, लिहिलं मात्र काही नाही. लेकीला वाटलं, घर सुटलं म्हणून रुसलंय कार्टं. म्हातारबांना वाटलं, हिनं आपला ‘नको’ वाचला आणि तरी आणून टाकलं. दोघंही गप्प. बोलणारा मी एकटा, आणि मला एकच वाक्य येतं.

एकदा ती भेटायला गेली तेव्हा त्यांचा फोन उशाशी उघडा होता. पान तसंच. तिनं वाचलं. मग स्वतःच्या फोनवर तेच पान उघडून शेजारी धरलं.

“बाबा, हे कधी लिहिलंत?”

म्हातारबा भिंतीकडे वळले.

“मला हो दिसलं, बाबा. बघा ना इकडे. माझ्याकडे अजून हो-च आहे.”

चादरी बदलणाऱ्या मावशी थबकल्या. “काय झालं ताई?”

“काही नाही मावशी. निरोप पोचला नाही आमचा.”

म्हातारबांनी मान वळवून दोन्ही पडदे पाहिले. विश्वास बसला नाही त्यांचा. जन्मभर खडूनं उलटं लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, ‘हो’ काय, कुणीही लिहितं. एकच तर अक्षर.

घरी चला म्हणावं, तर त्यांची तळमजल्यावरची खोली दादानं भाड्यानं दिलेली. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तरी ती म्हणाली, “चला.” म्हातारबांनी डोळे मिटले.

मग ती पेटली. सगळ्या ब्राउझरांचे कारभारी अधूनमधून एकत्र बसून भांडतात, की निरोप्यानं कधी जावं, काय सांगावं. सगळ्या घरांत एकच रीत असावी, असं म्हणतात सगळे; फक्त ती आपल्या घरची असावी. त्या सभेत ती जाऊन बसली.

एक कारभारी म्हणाले, “बाई, कीबोर्ड शब्द जुळवत असतो तेव्हा आम्हाला मधे अडवता येत नाही.”

“अडवा कुठे म्हणतेय मी? झालं की सांगा तरी!”

“इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही आली.”

“येईल कशी? तक्रारही याच चौकटीत लिहायची ना?”

सगळे हसले. ती हसली नाही.

भांडण लांबलं, लांबलं, आणि एकदाचं ठरलं. चौकटीत काहीही बदललं, कळ दाबून, पट्टीतून, तोंडानं बोलून किंवा कात्री लावून, तरी निरोप गेलाच पाहिजे, आणि प्रत्येक घरातून सारखाच. काय झालं तेही सांगायचं: अक्षर घातलं, मागचं खोडलं, शब्दाच्या जागी शब्द ठेवला. माझ्या धाकट्या भावालाही कामावर घेतलं. तो बदल होण्याच्या आधीच वर्दी देतो. शिकलेला आहे. मी अजून मागूनच जातो, पण आता माझ्या हातात चिठ्ठी असते, काय बदललं त्याची. बैल गेला नि झोपा केला, पण झोपा झकास केला हो.

फोनमधला ब्राउझर नवा करून ती म्हातारबांकडे गेली. चौकट पुसून कोरी केली. “बाबा, आता पट्टीतून बदला, नाहीतर पुसा, मला सगळं कळेल. उलटं लिहा, सुलटं लिहा. तुम्ही लिहाल ते मी मानेन.” तिनं फोन त्यांच्या डाव्या हातात दिला आणि अंगठा चौकटीवर ठेवला.

चौकटीतली उभी रेघ लुकलुकत राहिली. म्हातारबांनी फोन पालथा केला आणि पांघरुणावर ठेवून दिला.

आज मी त्याच चौकटीच्या दाराशी उभा आहे. ऑफिसातल्या पडद्याच्या कोपऱ्यात ती हे पान उघडं ठेवते. काम करता करता तिची नजर इकडे येते आणि परत जाते. शेजारचीनं ‘कोण गं?’ विचारणं सोडून दिलं. सभेनं घालण्याला नाव दिलं, खोडण्याला दिलं, चिकटवण्यालाही दिलं. लिहिणाऱ्यानं लिहायचंच टाकलं, तर त्याला नाव नाही. काही बदललं नाही, हे सांगायला मला कुणी पिटाळत नाही.

तुमच्या माणसाचा ‘हो’ पडद्यावर दिसला, तर माझ्या भरवशावर राहू नका. उठा, जवळ जा, तोंडाकडे बघून विचारा. मी काय, अर्धवट शिकलेला. जेवढं सांगतात तेवढंच नेतो.

आणि म्हातारबा, तुम्ही. मी वहाणा चढवूनच आहे. एक अक्षर तरी. उलटं लिहिलंत तरी चालेल.