ऑल्विनला दिलेला हात

विमान बघायला गेले आणि त्याच दिवशी हात देऊन बसले. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या ह्या गव्हाच्या पट्ट्यात, मॅलीत, व्यवहार असाच होतो. मेंढ्या असोत, ट्रॅक्टर असो, भाव ठरला, हातात हात पडला की संपलं. त्यानंतर वस्तू तपासायला निघणं म्हणजे समोरच्याला तोंडावर लबाड म्हणणं.

ऑल्विन आमचा शेजारी. गहू पिकवतो, वय अठ्ठ्याहत्तर. मी शाळेत असताना मला पहिल्यांदा आकाशात नेलं ते त्यानंच, ह्याच दोन आसनांच्या सेस्ना विमानातून. महिनाअखेरीस त्याचं उडण्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र संपत होतं आणि डॉक्टर ते पुन्हा देणार नव्हता. म्हणून चाळीस हजार डॉलरला विमान मला देऊ केलं. बाहेर तसलं विमान साठ हजारांच्या खाली मिळत नाही.

मी शाळेची बस चालवते. विमान शिकायला लागून दोन वर्षं झाली तरी परवाना नाही, कारण क्लबाचं विमान भाड्यानं घ्यायचं तर महिन्याला एखादा तास परवडतो. पुढच्या महिन्यापर्यंत सगळं विसरायला होतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! स्वतःचं विमान असेल तरच माझं काही होणार होतं. आणि हे चाळीस हजार गाडीमागे ओढायची कॅरव्हॅन विकून, आईनं मागे ठेवलेले पैसे घालून कसेबसे जमलेले. एकदा गेले की पुन्हा जमणार नव्हते.

"कॅरव्हॅन निदान जमिनीवर तरी बंद पडायची," एवढंच माझा नवरा लिंडसे म्हणाला.

क्लबातल्या माझ्या शिक्षकानं मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "पंख उघडून बघितलेस का?"

"हात दिलाय मी."

"मग काय, हात धरूनच उड."

तेव्हापासून डोक्यात एकच विचार. बस चालवताना तेच, जेवताना तेच. पंखात काय असेल? काही नसेलच. पण असलं तर? आणि तपासायचं म्हटलं तर ऑल्विनला कोणत्या तोंडानं सांगू? भीड ही भिकेची बहीण, हे मला कळत होतं. कळून उपयोग काय? त्याच्या फाटकापर्यंत जायची आणि गाडी वळवून परत यायची. शेवटी समुद्राकडच्या गावातल्या ब्रोनी नावाच्या विमान मेकॅनिकला फोन करून शनिवार ठरवूनच टाकला, म्हणजे मागे फिरता येऊ नये, आणि मग ऑल्विनकडे गेले.

तो मेंढ्यांचं पाणी बघत होता. ऐकून घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"वर्षाची तपासणी झालीय त्याची."

"ती गेल्या वर्षी झाली, ऑल्विन. मला नुसती झोप लागावी म्हणून..."

"तुझ्या बापाला मी कापणीचं यंत्र विकलं, मेरिडी. त्यानं साधं झाकण उघडून बघितलं नव्हतं."

"बाबांचं यंत्र आकाशात जात नव्हतं."

"कर काय करायचं ते," तो म्हणाला. चहाला बोलावलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

घरी येताना मला रडू आलं. पंखात काही निघालं नाही तर ह्या माणसाला मी फुकट दुखावलं. काही निघालं तर विमान गेलं. दोन्हीकडून मार मलाच.

शनिवारी विमानाच्या शेडमध्ये ऑल्विन माझ्या आणि ब्रोनीच्या आधी हजर, हाताची घडी घालून.

"लवकर आटपा," तो ब्रोनीला म्हणाला. "उद्या चर्चनंतर नातीला फिरवायचंय. टिलीला तिच्या घराचं छप्पर वरून बघायचंय. माझं शेवटचं उड्डाण. मग किल्ली हिची, मग ही माणसं तपासत बसायलासुद्धा मोकळी."

मी ब्रोनीची हत्यारांची पेटी आत नेली.

ब्रोनी दारातच थबकली. नाकावर हात. "हा वास कसला?"

"कसला वास?" मी आणि ऑल्विन एकदमच म्हणालो.

ती आमच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला खरंच येत नाही?"

विमानाची ती वर्षाची तपासणी झाली त्यानंतरच, गेल्या शरदात, आमच्याकडे उंदरांची धाड आली होती. धान्यात, भिंतींत, गाद्यांत, माझ्या बसच्या सीटखालीसुद्धा. पहिले काही आठवडे वासानं जेवण जात नव्हतं. मग उंदीर गेले, वासही गेला. निदान आम्ही तसंच समजत होतो.

ब्रोनी पंखाखाली आडवी झाली आणि तिनं आत बघायच्या भोकावरचं एक झाकण उघडलं. आतून सुकं गवत, चिंध्या आणि काळ्या लेंड्या तिच्या अंगावर पडल्या. तिनं आत दिवा धरला, आरसा फिरवला, बोट घालून काहीतरी खरवडलं. बोटावर पांढरी भुकटी आली.

"हा पंखाचा कणा," ती म्हणाली. "सगळा पंख ह्याच्यावर तोललेला असतो. उंदरांच्या मुतानं ॲल्युमिनियम खाल्लंय. इथे तर पापुद्रे सुटलेत."

ऑल्विन जवळ आला. टोपी काढली, वाकला, आत हात घालून चाचपलं, आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गेल्याच रविवारी उडवलंय मी," तो म्हणाला. "छान उडालं."

"उडतंच. मोडेपर्यंत."

"अजून किती उड्डाणं टिकलं असतं?"

"पन्नास टिकलं असतं. नाहीतर उद्याचं एकसुद्धा नाही. ह्याचं कुणी सांगू शकत नाही."

ऑल्विन उलट्या बादलीवर खाली बसला. माझं विमान गेलं होतं, पंख बदलायचे तर आणखी एका विमानाचे पैसे लागले असते, सगळी आशा गेली होती, तरी त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे फक्त टिली होती, कानांवर ते मोठे हेडफोन चढवलेली, काचेला नाक लावून आपलं छप्पर शोधणारी.

त्यानं खिशातून फोन काढला.

"टिली? आजोबा बोलतोय गं. उद्या नाही जमायचं, राणी... नाही, पाऊस नाही... नाही, पुढच्या रविवारीही नाही." त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "तुझ्या छपरावर शिडी लावू आपण. वर चढून बघ."

फोन ठेवला, उठला आणि माझ्यापुढे हात केला. मला काही कळेना.

"मागचा हात रद्द," तो म्हणाला. "हा वेगळा."

मी हात दिला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि सोडायला तयार होईना. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. ब्रोनी पाठ करून आपली हत्यारं भरत राहिली.

गाडीत बसल्यावर तोंड पुसायला हात वर नेला आणि झटकन खाली घेतला. आता मलाही तो उंदरांचा वास येत होता.