शिवायचं नाही

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. आता दिवसातून चार वेळा मला बजावतात, शिवायचं नाही.

माझ्या किडन्या दमल्या. पोटात एक नळी बसवली आहे. पिशवीतलं औषधी पाणी तिच्यातून पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग ते रक्तातली घाण घेऊन बाहेर येतं. घरच्या घरी होतं. फक्त पिशवीची नळी माझ्या नळीला जोडताना उघड्या टोकांना बोट लागता कामा नये. लागलं की जंतू थेट पोटात.

हे जोडायचं काम मी कुणाला करू दिलं नाही. सून पुढे आली होती. तिला म्हटलं, "तू लावलेलं बटण आठ दिवसांत तुटतं. तू मला काय जोडणार?"

मग एक दिवस बाहेर आलेलं पाणी गढूळ निघालं, पीठ कालवल्यासारखं. ताप भरला, पोटात कळा आल्या. दवाखान्यात दहा दिवस काढले. घरी आले तशी दवाखान्यातली सिस्टर मागोमाग आली.

"आजी, चुकलं कुठे?"

"माझा हात चुकत नाही. हिने पंखा बंद केला नव्हता, वाऱ्याने जंतू आले."

सून दारातच उभी होती. पंखा तिने बंद केला होता आणि ते मला ठाऊक होतं. तिने भिंतीवरच्या बटणाकडे तेवढं पाहिलं.

"पुन्हा असं झालं तर नळी काढावी लागेल," सिस्टर म्हणाली. "मग आठवड्यातून तीनदा दवाखान्यात, मशीनवर."

म्हणजे शिलाई सुटली. घर सुटलं. सगळा दिवस दवाखान्यातल्या खुर्चीत.

सिस्टरने टेबलावर मुठीएवढी एक डबी ठेवली. आत समोरासमोर दोन खाचा. दोन्ही नळ्या त्यांत बसवायच्या, झाकण लावायचं, दांडी ढकलायची, टोकं आपली आपण जुळतात. बोट तिथवर पोचतच नाही.

"हात थरथरतो त्यांच्यासाठी आहे, आजी."

"मग ज्यांचा थरथरतो त्यांना द्या."

सुईत दोरा ओवायची ती तार असते ना, ती मी कधी घरात येऊ दिली नाही. तार वापरणारीला मी शिंपीण म्हणत नसे.

सिस्टर डबी ठेवून गेली. सरावाच्या नळ्याही ठेवून गेली. दुपारी सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तेव्हा मी कापडावर खुणा करायचा निळा खडू घेतला, बोटांना चोळला आणि सरावाच्या नळ्या रोजच्यासारख्या जोडल्या. छान जमलं असं वाटलं. सोडवून चष्मा लावून पाहिलं, तर टोकावर निळं. पुसून पुन्हा जोडल्या. निळं. चौथ्यांदा तेवढं स्वच्छ निघालं, पाचव्यांदा परत निळं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

शिलाई मशीनवर हात ठेवून बसले. हात थरथरत होता. कापडावर कधी कळलं नाही. कापड सांभाळून घेतं.

सून खाली आली.

"अगं, त्या दिवशी पंखा बंद होता."

"हो, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मी निळं टोक तिच्यापुढे धरलं. तिने ते पाहिलं, माझी बोटं पाहिली.

"सिस्टरला फोन लाव."

लावला. मी म्हटलं, "पंख्याचं खोटं होतं. मी शिवले."

"काय शिवलंत, आजी?"

"नळी, बाई. माझं बोट लागलं. सुनेचा दोष नाही."

बोलताना सून शेजारीच होती. तिच्या तोंडावर सांगायला जमलं नसतं, म्हणून फोनवर तिच्यासमोर सांगितलं.

संध्याकाळच्या पिशवीची वेळ झाली. खिडकी लावली, पंखा बंद केला, दोघींनी मास्क बांधले, हात धुतले. नळ्या मी खाचांत बसवल्या, झाकण लावलं. दांडी घट्ट होती. माझा अंगठा दोनदा निसटला.

"ढकल," मी म्हटलं.

तिने ढकलली. खट्ट वाजलं.

"नीट लागलं का?"

"आठ दिवसांनी बघू," ती म्हणाली.

मास्कमुळे हसली की नाही ते दिसलं नाही. मी नळीचा चाप उघडला.