त्या म्हाताऱ्याची बायको

“येता का नाही, थेवढंच सांगा जी,” नलूने तुरीची डाळ निवडता निवडता विचारले. आमचा मुलगा राजदीप सकाळी चाकणहून आला होता, आम्हा नवराबायकोला कायमचे तिकडे न्यायला. संध्याकाळी आर्णीहून परतीची ट्रॅव्हल्स होती.

“तिथं मी काय करू?” मी पुस्तकातले बोट न काढता म्हणालो.

“इथं काय करून राह्यले?”

बोंडअळीने कापसाचे लागोपाठचे हंगाम खाल्ले, तेव्हा शेत मक्त्याने देऊन राजदीप चाकणच्या कारखान्यात लागला. मी वाचनालयातला निवृत्त कारकून. परदेशी जाऊन राहिलेल्या कुटुंबांच्या कादंबऱ्या मला फार आवडतात. त्यांत मोठे काही घडत नाही. एखादा बाप बर्फात उभा राहून शेजाऱ्याला काय म्हणावे याचा विचार करतो आणि न बोलताच घरात येतो. अशा जागी मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसतो.

“यातला म्हातारा लेकाकडं गेला,” मी म्हणालो. “पुढं काय झालं थे मले मालूम हाये.”

“पेरलं नाही तं बोंडअळ्या मोजून राह्यले तुम्ही!” नलू हसली. मग तिचा हात थांबला. “वाचा बरं. मलेबी आयकू द्या.”

विहारात वंदना म्हणतानाही माझा आवाज शेजाऱ्याच्या पुढे जात नाही. पण त्या दिवशी मी नीट वाचले. म्हातारा दिवसभर पलंगाच्या कडेला बसतो. नातवाचे मित्र आले की म्हाताऱ्याच्या खोलीचे दार कोणीतरी हळूच लोटून घेते. मग तो खोकला गिळायला शिकतो. प्रकरण संपले. राजदीप जमिनीकडे पाहत होता.

“अन् त्याची बायको?” नलूने विचारले.

“कोण?”

“त्या बुढ्याची. मेली का?”

मी पाने मागे उलटली. मेली नव्हती. एके ठिकाणी पीठ मळत होती, एके ठिकाणी नुसतीच आत गेली होती. इतक्यांदा वाचूनही ती मला दिसली नव्हती.

“स्वयंपाकघरात हाये.”

“दिवसभर?”

“तसंच दिसते.”

“म्हणजे मी इथं जशी.” तिने सूप उचलले. “तिथं नातीचं तोंड तं दिसन. राजदीप, माह्यं एकलीचंच तिकीट काढ.”

“आई, बाबाले सोडून?”

“त्यायले त्यायच्या बुढ्यापाशी राहू दे.”

ती रागावून बोलली असती तर बरे झाले असते.

संध्याकाळी गाडीच्या पायरीवर पाय ठेवून नलू क्षणभर माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी मनात वाक्य जुळवत होतो. क्लीनरने दार ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करायला चुलीपाशी गेलो. फळीवर सारखेच स्टीलचे डबे. एकात मीठ, एकात मेथ्या, एकात वाळवलेल्या मिरच्या. साखर सापडेना. तेवढ्यात राजदीपचा फोन आला. मागे नात खिदळत होती.

“पोचलो बाबा. आई विचारून राह्यली, चहा घेतला का?”

“घेतला म्हण,” मी म्हणालो, आणि पुढच्या डब्याचे झाकण आवाज न करता उघडले.